तेजोमेघातील एक रेषा आणि ताऱ्यांभोवतीचा राडारोडा

१/ १८९१ साली पुण्याच्या एका वेधशाळेतून मृग नक्षत्रातील तेजोमेघाची निरीक्षणे प्रसिद्ध झाली. प्रश्न वरकरणी क्षुल्लक होता. तेजोमेघाच्या वर्णपटातील एका हिरवट रेषेची कड दोन्ही बाजूंनी धारदार आहे, की एका बाजूने विरत जाते? या कडेवर मात्र विश्वाच्या घडणीविषयीचा एक मोठा सिद्धान्त उभा होता. आकाशातील तेजोमेघ तप्त वायूचे आहेत, की एकमेकांवर आदळणाऱ्या दगडांचे आणि धुळीचे? ताऱ्यांभोवतीच्या धुळीच्या शोधाचा इतिहास महाराष्ट्रातून सांगायचा झाला, तर तो याच रेषेपासून सुरू करावा लागतो.

२/ आधी पार्श्वभूमी. १७५५ मध्ये जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांट आणि १७९६ मध्ये फ्रेंच गणिती लाप्लास यांनी स्वतंत्रपणे अशी कल्पना मांडली, की सूर्य आणि ग्रह एकाच विरळ, फिरत्या द्रव्यातून घडले असावेत. सर्व ग्रह सूर्याभोवती जवळजवळ एकाच पातळीत आणि एकाच दिशेने फिरतात, हे त्यामागचे मुख्य निरीक्षण होते. द्रव्य फिरता फिरता चपटे झाले, चकतीसारखे पसरले आणि त्यातून ग्रह निपजले. कल्पना आकर्षक होती. पण दुसऱ्या कोणत्याही ताऱ्याभोवती अशी चकती कोणी पाहिलेली नव्हती.

३/ एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास वर्णपटशास्त्र आले आणि खगोलशास्त्राचे स्वरूप पालटले. प्रकाश लोलकातून नेला की त्याचे रंग वेगळे होतात. तप्त घन पदार्थ सलग रंगपट्टा देतो, तर विरळ तप्त वायू काही ठरावीक जागी तेजस्वी रेषा देतो. प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषांच्या जागा ठरलेल्या असतात. दूरच्या वस्तूला हात न लावता ती कशाची बनली आहे, हे सांगण्याची किल्ली माणसाला अशी प्रथमच मिळाली.

४/ १८६४ मध्ये इंग्लंडच्या विल्यम हगिन्स यांनी एका तेजोमेघाकडे वर्णपटदर्शक वळवला. सलग रंगपट्टा दिसण्याऐवजी त्यांना मोजक्या तेजस्वी रेषा दिसल्या. अर्थ स्पष्ट होता: निदान काही तेजोमेघ वायूचे आहेत. त्यांतील सर्वांत ठळक हिरवट रेषा मात्र पृथ्वीवरील कोणत्याच ज्ञात मूलद्रव्याशी जुळेना. ही अनोळखी रेषा पुढे साठ वर्षांहून अधिक काळ कोडे बनून राहिली.

५/ १८८७ मध्ये नॉर्मन लॉकियर या वादात उतरले. 'नेचर' या नियतकालिकाचे हे संस्थापक-संपादक त्या काळच्या ब्रिटिश विज्ञानातील वजनदार नाव होते. त्यांचा दावा असा, की तेजोमेघ म्हणजे उल्कापाषाणांचे प्रचंड थवे. पाषाण एकमेकांवर आदळतात, तापतात, त्यांचे बाष्प होते आणि ते प्रकाशते. तारे, धूमकेतू आणि तेजोमेघ या सर्वांचे मूळ त्यांनी उल्कांच्या टकरीत शोधले. या उल्का-सिद्धान्तावरील त्यांचा ग्रंथ १८९० मध्ये प्रसिद्ध झाला.

६/ सिद्धान्ताचा एक महत्त्वाचा पुरावा म्हणजे तीच हिरवट रेषा. उल्कांमध्ये मॅग्नेशियम असते. प्रयोगशाळेत मॅग्नेशियम जाळले की वर्णपटाच्या जवळपास त्याच जागी एक पट्टा उमटतो. हा पट्टा एका बाजूने धारदार असतो आणि दुसऱ्या बाजूला हळूहळू फिका होत विरतो. तेजोमेघातील रेषा म्हणजे या पट्ट्याची धारदार कड, असे लॉकियर यांचे म्हणणे. हगिन्स यांना ते अमान्य होते. दोन दिग्गजांमधील हा वाद आता रेषेच्या रूपावर येऊन ठेपला.

७/ कसोटी सोपी होती. रेषा पट्ट्याची कड असेल, तर अधिक विस्तार देणाऱ्या उपकरणातून तिची एक बाजू अस्पष्ट, पसरट दिसली पाहिजे. ती विरळ वायूची रेषा असेल, तर कितीही ताणली तरी ती दोन्हीकडून रेखीवच राहील. यासाठी चांगली दुर्बीण, चांगला वर्णपटदर्शक आणि वादातील कोणत्याही पक्षाचा दबाव न मानणारा डोळा हवा होता. अशी साधने तेव्हा जगात फार थोड्या ठिकाणी होती. त्यांपैकी एक ठिकाण होते पुणे.

८/ पुण्यातील या वेधशाळेचे नाव महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा. तिच्या मागे उभे होते मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात शिकलेले पारशी शास्त्रज्ञ कावसजी दादाभाई नायगमवाला (१८५७–१९३८). १८८२ मध्ये त्यांनी भावनगरच्या महाराजांकडून वर्णपट-प्रयोगशाळेसाठी ५,००० रुपयांची देणगी मिळवली आणि मुंबई सरकारने तेवढीच भर घातली. १८८४ मध्ये ते इंग्लंडला गेले. मूळ बेत एल्फिन्स्टनमधील प्रयोगशाळेचा होता. परतल्यावर त्याचे रूपांतर पूर्ण वेधशाळेत झाले.

९/ १८८८ मध्ये ही वेधशाळा पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सच्या आवारात उभी राहिली. हेच महाविद्यालय पुढे पुण्याचे अभियांत्रिकी महाविद्यालय, म्हणजे आजचे 'सीओईपी' झाले. डब्लिनच्या ग्रब यांनी घडवलेली परावर्तक दुर्बीण हे तिचे मुख्य साधन. पैसा काठियावाडच्या संस्थानाचा आणि मुंबई सरकारचा, यंत्र आयर्लंडचे, निरीक्षक मुंबईचा पारशी आणि आकाश पुण्याचे. वसाहतकालीन विज्ञान अशा अनेक हातांनी उभे राहत असे. त्याला केवळ 'इंग्रजांची देणगी' किंवा केवळ 'स्वदेशी पराक्रम' म्हटले, तर चित्र अपुरे राहते.

१०/ नायगमवाला यांनी मृगातील तेजोमेघाचा वर्णपट तपासला. त्यांना मुख्य रेषा रेखीव दिसली. पट्ट्याप्रमाणे एका बाजूला विरत जाण्याचे लक्षण तिच्यात नव्हते. ही निरीक्षणे १८९१ मध्ये लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या मासिक पत्रिकेत छापून आली. निष्कर्ष लॉकियर यांच्या विरोधात जाणारा होता. वसाहतीतील एका तरुण अध्यापकाने साम्राज्याच्या राजधानीतील एका बलाढ्य शास्त्रज्ञाच्या सिद्धान्ताविरुद्ध नोंदवलेली ती साक्ष होती.

११/ येथे थोडे थांबायला हवे. 'विसरलेल्या भारतीयाने इंग्रजांना खोटे पाडले' असा मथळा समाजमाध्यमांवर सहज चालेल. पण तो इतिहास नव्हे. या वादातील सर्वांत वजनदार मोजमापे अमेरिकेतील लिक वेधशाळेच्या जेम्स कीलर यांची होती. ३६ इंची दुर्बिणीच्या साहाय्याने त्यांनी रेषेची जागा इतकी काटेकोर मोजली, की ती मॅग्नेशियमच्या पट्ट्याशी जुळत नाही हे दिसून आले. पुण्याची साक्ष अनेकांपैकी एक होती. तिचे मोल तिच्या स्वतंत्रपणात आहे.

१२/ विज्ञानात एकाच व्यक्तीच्या डोळ्यांवर कोणी विसंबत नाही. वेगळी दुर्बीण, वेगळे हवामान आणि वेगळा निरीक्षक असूनही तीच गोष्ट दिसली, म्हणजे ती यंत्राचा दोष किंवा मनाचा कल नसल्याची खात्री वाढते. कॅलिफोर्नियातील डोंगरमाथ्यावरून जे दिसले, त्याच्याशी पुण्यातील निरीक्षण जुळले. साक्षीदार होणे हे पराक्रमी कृत्य वाटत नाही. तरीही ज्ञानाची इमारत अशा साक्षीदारांच्याच आधाराने उभी राहते.

१३/ अनोळखी रेषेचे रहस्य १९२७ मध्ये उलगडले. अमेरिकी शास्त्रज्ञ आयरा बोवेन यांनी दाखवून दिले, की ती ऑक्सिजनची आहे. दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या आणि अत्यंत विरळ अवस्थेतील ऑक्सिजनची. पृथ्वीवरील प्रयोगशाळेत वायू इतका विरळ ठेवणे कठीण असल्याने ती रेषा येथे दिसत नव्हती. नवे मूलद्रव्य नव्हते आणि मॅग्नेशियमही नव्हते. तेजोमेघ खरोखर विरळ वायूने प्रकाशत होता.

१४/ लॉकियर आणि महाराष्ट्र यांचा आणखी एक संबंध लोकप्रिय आहे, आणि तो बहुधा चुकीचा सांगितला जातो. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील विजयदुर्ग किल्ल्यावर 'साहेबाचे ओटे' म्हणून चौथरे दाखवले जातात. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात लॉकियर यांनी येथूनच हेलियम शोधला, अशी कथा त्यांना जोडलेली आहे. प्रत्यक्षात त्या दिवशी लॉकियर भारतात नव्हते. फ्रान्सचे जान्सेन गुंटूरला होते. लॉकियर यांनी ऑक्टोबर १८६८ मध्ये इंग्लंडमधून, ग्रहणाविनाच, सूर्याच्या कडेवरील ज्वालांचा वर्णपट पाहिला.

१५/ मग विजयदुर्गाची आठवण अगदीच निराधार आहे काय? तसे नाही. लॉकियर तेथे आले होते. मात्र तीस वर्षांनी, २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी. लोकस्मृतीने दोन ग्रहणे एकत्र विणली आणि मोठा शोध आपल्या किल्ल्याच्या पदरात टाकला. स्मृती अशीच वागते: व्यक्ती आणि जागा सहसा धरून ठेवते, तारीख मात्र सोडून देते. इतिहासाच्या अभ्यासकाने अशा कथेला हसू नये. तिच्या आतला खरा धागा शोधून काढावा.

१६/ त्या दिवशी ग्रहणाची सावली कोकण किनाऱ्यावरून ईशान्येकडे सरकत सोलापूर जिल्ह्यातील जेऊरवरून गेली. तेथे नायगमवाला आपल्या उपकरणांसह सज्ज होते. लिक वेधशाळेचे डब्ल्यू. डब्ल्यू. कॅम्पबेल यांचा तळही जेऊरलाच होता. सात वर्षांपूर्वी ज्या वादात लॉकियर एका बाजूला आणि पुणे व लिक यांची मोजमापे दुसऱ्या बाजूला होती, त्या तिन्ही ठिकाणची माणसे आता एकाच सावलीखाली, महाराष्ट्राच्या भूमीवर उभी होती. सुमारे दोन मिनिटांच्या अंधारात चंद्राने सूर्याचे बिंब झाकले आणि त्याभोवतीचे मंद तेज प्रकटले.

१७/ ही युक्ती लक्षात ठेवावी. प्रखर वस्तू झाकली की तिच्याभोवतीची फिकट वस्तू दिसते. १९३० च्या दशकात फ्रेंच शास्त्रज्ञ बर्नार ल्यो यांनी दुर्बिणीच्या आतच छोटी चकती बसवून सूर्यबिंब झाकणारे उपकरण घडवले. त्याला कोरोनाग्राफ म्हणतात. आता चंद्राची वाट पाहण्याची गरज उरली नाही. हेच उपकरण पुढे सूर्याऐवजी ताऱ्यांवर रोखले जाणार होते.

१८/ दरम्यान धुळीचा प्रश्न मागे पडला होता. वर्णपटातील तेजस्वी रेषा वायूची साक्ष देतात. थंड धूळ मात्र डोळ्यांना दिसेल असा स्वतःचा प्रकाश देत नाही. ती ताऱ्याच्या उष्णतेने किंचित ऊबदार होते आणि ती ऊब दूरच्या अवरक्त किरणांच्या रूपाने बाहेर टाकते. हे किरण आपल्या वातावरणातील बाष्प शोषून घेते. १८९१ मध्ये पुण्यात, लंडनमध्ये किंवा लिकमध्ये कितीही तरबेज निरीक्षक असता, तरी त्याला ही ऊब दिसणे शक्य नव्हते. साधनाची मर्यादा हीच त्या काळच्या ज्ञानाची मर्यादा होती.

१९/ म्हणून दुर्बीण वातावरणाच्या वर न्यावी लागली. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने हैदराबादहून सोडलेल्या महाकाय फुग्यांतून अवरक्त दुर्बीण उंचावर पाठवली आणि तारे जन्मतात त्या धुळकट प्रदेशांचा अभ्यास केला. जानेवारी १९८३ मध्ये अमेरिका, नेदरलँड्स आणि ब्रिटन यांचा 'आयरास' हा उपग्रह अवकाशात गेला. स्वतःच्याच ऊबेने दुर्बीण आंधळी होऊ नये म्हणून ती द्रव हेलियमने गोठवलेली होती. ज्या मूलद्रव्याचे नाव लॉकियर यांच्याशी जोडलेले आहे, त्याच्याच शीतलतेत ताऱ्यांभोवतीची धूळ सापडायची होती.

२०/ शोध लागला तो नकळत. उपकरण अचूक आहे की नाही हे तपासण्यासाठी शास्त्रज्ञांनी अभिजित हा तारा निवडला होता. त्याची तेजस्विता इतकी नीट ठाऊक होती, की इतर तारे त्याच्याशी ताडून पाहत. एच. एच. ऑमन आणि फ्रेड गिलेट यांना दिसले, की अवरक्तात अभिजित अपेक्षेपेक्षा फार अधिक तेजस्वी आहे. प्रमाण मानलेला ताराच हिशेबाबाहेर गेला. जास्तीचा प्रकाश ताऱ्याचा नव्हताच. तो त्याच्याभोवती पसरलेल्या, उणे १८० अंश सेल्सिअसहूनही थंड असलेल्या धुळीचा होता.

२१/ पुढच्याच वर्षी पुरावा डोळ्यांसमोर आला. १९८४ मध्ये ब्रॅडफर्ड स्मिथ आणि रिचर्ड टेरिल यांनी चिलीतील लास कॅम्पानास येथून बीटा पिक्टोरिस या ताऱ्याचे छायाचित्र घेतले. कोरोनाग्राफने ताऱ्याचे तेज झाकले आणि त्याच्या दोन्ही बाजूंना एक बारीक, लांबट प्रकाशपट्टी उमटली. कडेवरून दिसणारी ती चकती होती. कांट यांच्या कल्पनेनंतर सव्वादोनशे वर्षांहून अधिक काळाने, दुसऱ्या ताऱ्याभोवतीच्या चकतीचे चित्र माणसाने प्रथम पाहिले. सूर्यासारख्या ताऱ्याभोवतीचा ग्रह सापडायला अजून अकरा वर्षे होती.

२२/ अशा चकत्यांना इंग्रजीत 'डेब्री डिस्क' म्हणतात. मराठीत त्यासाठी नेमका आणि घरगुती शब्द आहे: राडारोडा. मीरा-भाईंदरच्या रहिवाशाला तो समजावून सांगावा लागत नाही. नव्या इमारतींच्या कामामागे उरणारे विटा-सिमेंटचे ढीग त्याने रोज पाहिलेले असतात. ताऱ्याभोवतीचा राडारोडाही बांधकामाचीच खूण. ग्रह घडताना जे लहानमोठे पिंड उरले, ते एकमेकांवर आदळतात, फुटतात आणि त्यांची धूळ होते.

२३/ ही धूळ ताजी आहे, हे कशावरून? ताऱ्याच्या प्रकाशाचा दाब सूक्ष्म कणांना बाहेर ढकलतो. थोडे मोठे कण प्रकाशाच्याच परिणामाने वेग गमावतात आणि गिरक्या घेत ताऱ्याकडे सरकतात. दोन्ही मार्गांनी धूळ ताऱ्याच्या वयाच्या तुलनेत फार लवकर नाहीशी होते. तरीही ती दिसते, याचा अर्थ तिचा पुरवठा चालू आहे. रस्त्यावरची धूळ झाडल्यानंतर पुन्हा पुन्हा साचत असेल, तर जवळपास कोठेतरी काम सुरू असणारच. तसाच हा तर्क. काम येथे टकरींचे आहे.

२४/ आणि येथे लॉकियर पुन्हा आठवतात. पाषाणांच्या टकरी, त्यातून निघणारी धूळ, धूमकेतूंशी नाते: त्यांच्या सिद्धान्तातील ही सारी पात्रे येथे हजर आहेत. बीटा पिक्टोरिसच्या वर्णपटात १९८० च्या दशकातच असे बदल दिसले, ज्यांचा अर्थ ताऱ्याकडे झेपावत बाष्प होणारे धूमकेतू असा लावला गेला. पुढे त्याच चकतीत कार्बन मोनॉक्साइड वायू सापडला. तोही बर्फाळ पिंडांच्या फुटण्यातून येतो. मृगातील तेजोमेघाच्या अंतरंगातही १९९० च्या दशकात हबल दुर्बिणीने कोवळ्या ताऱ्यांभोवतीच्या धुळीच्या काळ्या चकत्या टिपल्या.

२५/ म्हणजे लॉकियर बरोबर होते काय? नाही. त्यांनी ज्या रेषेवर दावा उभा केला ती मॅग्नेशियमची नव्हती आणि तेजोमेघ टकरींमुळे प्रकाशत नाही. शंभर वर्षांनी वेगळ्या ठिकाणी, वेगळ्या कारणाने टकरी सापडल्या म्हणून जुना दावा सिद्ध होत नाही. तसेच, त्या तेजोमेघात धूळ आहे म्हणून नायगमवालाही चुकीचे ठरत नाहीत. त्यांनी धूळ नाही असे म्हटले नव्हते. रेषा कशी दिसते एवढेच सांगितले होते. जेवढे दिसले तेवढेच नोंदवल्यामुळे त्यांची साक्ष आजही खरी राहिली आहे.

२६/ या साक्षीच्या घराचे पुढे काय झाले? १९१२ मध्ये नायगमवाला निवृत्त झाले आणि वेधशाळाही बंद झाली. उपकरणे कोडाईकनालला रवाना झाली. २० इंची 'भावनगर दुर्बीण' या नावाने तिने तेथे पुढील आयुष्य काढले. यंत्र जगले; पण पुण्यात शिष्यांची परंपरा आणि निरीक्षणांची साखळी उरली नाही. एका माणसाच्या निष्ठेवर उभी राहिलेली संस्था त्या माणसाबरोबरच संपली.

२७/ याच काळातील उलट उदाहरण मुंबईतच आहे. कुलाबा वेधशाळेत पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून चालू होती. शहरात विजेच्या ट्राम येणार, त्यांच्या प्रवाहाने मोजमापे बिघडणार, हे ओळखून १९०४ मध्ये अलिबागला नवी वेधशाळा उभारली गेली. १९०६ पर्यंत दोन्हीकडे समांतर मोजणी करून जुन्या आणि नव्या नोंदींचा सांधा जुळवला गेला. जागा बदलली तरी साखळी अखंड राहिली, आणि ती आजही चालू आहे. पुण्यात दुर्बीण हलवली गेली; कुलाब्यातून परंपरा हलवली गेली. फरक एवढाच, पण निर्णायक.

२८/ १९८८ मध्ये, तख्तसिंहजी वेधशाळेनंतर बरोबर शंभर वर्षांनी, जयंत नारळीकर यांच्या नेतृत्वाखाली पुण्यात 'आयुका' ही संस्था स्थापन झाली. दोन्हींमध्ये वारशाचा थेट धागा नाही. मधली सुमारे साडेसात दशके रिकामी आहेत. त्या रिकाम्या दशकांत जगात ऑक्सिजनच्या रेषेचे कोडे सुटले, कोरोनाग्राफ जन्मला आणि अवरक्त खगोलशास्त्राची पायाभरणी झाली. १८९१ मध्ये ज्या प्रश्नावर पुण्याने साक्ष दिली होती, त्याच्या पुढच्या प्रकरणांत त्या वेधशाळेचा आवाज नाही. हानी मोजायची तर ती इमारतीची नव्हे, या मौनाची.

२९/ आपल्या सूर्याभोवतीही असा राडारोडा आहे. लघुग्रह आणि धूमकेतू यांची धूळ ग्रहांच्या पातळीत पसरलेली आहे, आणि अंधाऱ्या रात्री पहाटेपूर्वी पूर्वेस किंवा संध्याकाळनंतर पश्चिमेस ती फिकट तिरप्या शंकूसारखी उजळते. तिला राशिप्रकाश म्हणतात. कासिनी यांनी १६८३ मध्ये तिचा पद्धतशीर अभ्यास केला. उत्तनच्या किनाऱ्यावर पश्चिमेचे क्षितिज मोकळे आहे. पण महानगराचा उजेड इतका आहे, की हे तेज तेथे हरवून जाते. विजेच्या ट्रामने कुलाब्याची वेधशाळा हलवली. विजेच्या दिव्यांनी तर आकाशच दूर नेले.

३०/ तरीही मीरा-भाईंदरच्या गच्चीवरून जानेवारीच्या रात्री मृगातील बाणाचे तीन तारे दिसतात. त्यांच्या दक्षिणेला तो तेजोमेघ आहे. शहराच्या उजेडातही साध्या द्विनेत्रीतून त्याचा फिकट डाग ओळखता येतो. दूर दक्षिणेला अगस्त्याचा तेजस्वी तारा उगवलेला असतो आणि त्याच्या किंचित पश्चिमेस, अंधाऱ्या आकाशातच दिसेल असा, बीटा पिक्टोरिस. तो मंद आहे, क्षितिजालगत आहे आणि लंडनहून तर कधीच दिसत नाही. तो डाग ज्याला दिसेल, त्याने एवढे आठवावे: याच प्रकाशातील एका रेषेविषयी पुण्यातून एक खरी साक्ष दिली गेली होती, आणि ती पुढे नेणारे कोणी तयार केले गेले नाही.